‘किल बिल’चा दुसरा भाग खरंच संथ आहे का?

प्रश्न लांबलचक होता, म्हणून त्याचा सारांश आधी देतो. कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये ‘किल बिल’चे दोन्ही भाग दाखवायचं घाटतंय. विचारणाऱ्याने स्वतः ते लागोपाठच्या दोन रात्री पाहिले. पहिल्या भागाने झपाटून टाकलं, दुसऱ्यात अर्ध्या वाटेवर डुलकी लागली. क्लबमधला मित्र मात्र हटून बसलाय की खरा सिनेमा दुसऱ्या भागातच आहे, पहिला म्हणजे नुसता रक्ताचा सडा. तर दोघांत बरोबर कोण, एकाच गोष्टीचे दोन भाग इतके वेगळे का वाटतात, आणि दोन्ही एकत्र दाखवले तर मध्यंतर कुठे घ्यायचं?

मी संकलक आहे. मराठी चित्रपट, थोडे हिंदी, पोटापाण्यासाठी मालिका, आणि या सगळ्यात मारामारीचे प्रसंग बऱ्यापैकी वाट्याला आलेले. त्यामुळे उत्तर एडिट टेबलवरून देतोय, समीक्षकाच्या खुर्चीतून नाही. कथा सगळी फुटणार आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी बघून यावं.

जुजबी माहिती उरकून घेऊ. क्वेंटिन टॅरँटिनोने हा एकच चित्रपट म्हणून शूट केला होता. लांबी हाताबाहेर गेल्यावर त्याचे दोन भाग केले. अमेरिकेत पहिला भाग 10 ऑक्टोबर 2003 ला लागला, दुसरा 16 एप्रिल 2004 ला. पहिला 111 मिनिटांचा, दुसरा 137 मिनिटांचा. एकूण प्रकरणं दहा, प्रत्येक भागात पाच. उमा थर्मनची ‘ब्राइड’ गरोदर असताना तिच्या जुन्या टोळीचा म्होरक्या बिल तिला चर्चमध्ये गोळी घालतो. चार वर्षं कोमात काढून ती उठते आणि पाच नावांची यादी हातात घेऊन निघते. कॅमेरा दोन्ही भागांत रॉबर्ट रिचर्डसनचा, संकलन सॅली मेन्केचं, मारामाऱ्यांची आखणी ‘द मेट्रिक्स’वाल्या युएन वू-पिंगची. म्हणजे हात तेच. तरी ताटात दोन वेगळे पदार्थ आले असं तुम्हाला वाटलं, आणि ते वाटणं चुकीचं नाही.

काही गोष्टी तुम्ही कसं पाहिलंत यावर अवलंबून आहेत, त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. पडदा मोठा होता की लॅपटॉप? हेडफोन होते का? दुसऱ्या भागाचं निम्मं काम आवाज करतो. लॅपटॉपच्या स्पीकरवर ते काम होतच नाही. कुठली आवृत्ती पाहिलीत? पहिल्या भागातल्या मोठ्या लढाईचा बराच तुकडा अमेरिकेतल्या आवृत्तीत कृष्णधवल आहे आणि जपानी आवृत्तीत रंगीत, त्याने डोक्यावर होणारा परिणाम बदलतो. आणि दोन भागांत किती वेळ गेला? त्या काळी थिएटरात पाहिलेल्यांना सहा महिने थांबावं लागलं होतं, तुम्ही एक दिवस थांबलात. या अंतराकडे मी पुढे परत येणार आहे, कारण माझ्या मते रोगाचं मूळ तिथेच आहे.

आता खरा प्रश्न. ‘पहिला अॅक्शनचा, दुसरा संवादांचा’ हे जे सर्रास सांगितलं जातं त्याने काही उलगडत नाही. पहिल्या भागातलं चौथं प्रकरण घ्या. ओकिनावातलं सुशीचं दुकान, मालकाच्या वेषातला तलवारीचा कारागीर हात्तोरी हान्झो, त्याचं आणि त्याच्या मदतनिसाचं साके, म्हणजे जपानी दारू, कोणी आणायची यावरून चाललेलं भांडण. अख्ख्या प्रकरणात एकही हाणामारी नाही, सगळी बोलाचाली. तिथे कंटाळलात का? नाही. उलट दुसऱ्या भागात जिवंत पुरणं आहे, डोळा उपटणं आहे, काळा मांबा साप आहे. घटनांचा दुष्काळ अजिबात नाही. तरी डुलकी लागली. म्हणजे कारण संवादांच्या प्रमाणात नाही, दुसरीकडे आहे.

आपल्याकडे ट्रायल शोनंतर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘फर्स्ट हाफ मस्त आहे, सेकंड हाफ ड्रॅग होतोय.’ मग निर्माता म्हणतो, सेकंड हाफ टाइट करा. संकलक बसून कापाकापी करतो, पाच-सात मिनिटं काढतो, पुन्हा ट्रायल होते आणि तेच वाक्य पुन्हा ऐकू येतं. माझी पद्धत आता अशी आहे की अशी तक्रार आली की मी उत्तरार्धाला हात लावायच्या आधी मध्यंतरापूर्वीची शेवटची दहा मिनिटं बघतो. प्रेक्षकाला बाहेर चहा प्यायला पाठवताना आपण त्याच्या हातात कुठला प्रश्न दिलाय? कारण आत आल्यावर तो त्याच प्रश्नाचं उत्तर शोधणार. ते उत्तर जितकं लांब, तितकं मधलं सगळं त्याला फाफटपसारा वाटणार, मग ते कितीही चांगलं असो.

‘किल बिल’च्या पहिल्या भागाच्या अगदी शेवटी काय होतं आठवा. बिल शत्रूच्या गोटातल्या सोफीला विचारतो की आपली मुलगी जिवंत आहे हे तिला ठाऊक आहे का, आणि पडदा काळा. मध्यंतराचं टोक म्हणून वाक्य जबरदस्त आहे, आपल्या कुठल्याही पटकथाकाराने टाळी घेतली असती. पण बघा त्याने केलं काय. तोवर तुमच्यापुढे एकच साधी रचना होती, पाच नावं आणि एकेक खोडायचं. आता तुम्हाला एक गोष्ट कळली आहे जी नायिकेला माहीत नाही. दुसरा भाग सुरू झाल्यापासून तुम्ही मुलीची वाट बघताय आणि मुलगी येते ती शेवटच्या प्रकरणात. मधे काय येतं? यादीतला बड नावाचा जाडजूड माणूस क्लबमध्ये उशिरा पोचल्याबद्दल मालकाच्या शिव्या खातो. एक म्हातारा चिनी गुरू दाढी उडवत बसतो. मेक्सिकोतला एक म्हातारा निवांत गप्पा मारतो. एरवी यातलं बरंचसं तुम्ही चवीने पाहिलं असतं, पण तुमचं लक्ष दाराकडे लागलेलं. तुम्हाला कंटाळा दुसऱ्या भागात आला, पण त्याचं बी पहिल्या भागाच्या शेवटच्या ओळीत आहे.

हा नुसता माझा तर्क नाही, याला पुरावा आहे. टॅरँटिनोची दोन्ही भाग जोडलेली एक आवृत्ती आहे, ‘द होल ब्लडी अफेअर’ नावाची. ती 2011 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यू बेव्हर्ली थिएटरात दाखवली गेली आणि 2025 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत रीतसर प्रदर्शित झाली. तिच्यात मुलीबद्दलची ती ओळ काढून टाकली आहे. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला गाडी चालवत थेट कॅमेऱ्याशी बोलणारी उजळणीही काढली आहे. परिणाम काय? शेवटच्या प्रकरणात ब्राइड पिस्तूल रोखून घरात शिरते, समोर चार वर्षांची पोर खेळण्यातलं पिस्तूल घेऊन उभी, आणि धक्का तिला आणि आपल्याला एकाच क्षणी बसतो. वेगळ्या काढलेल्या भागांत त्याच प्रसंगात धक्का फक्त तिचा असतो. आपण आधीच जाणून असतो, आपण तिचा चेहरा वाचत असतो. दोन्ही पद्धती योग्य आहेत. सहा महिन्यांनी प्रेक्षक तिकीट काढून परत यायला हवा असेल तर ती ओळ हवीच. एका बैठकीत बघणार असाल तर ती नसलेली बरी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, म्हणजे दोन अर्ध्यांची आतली रचना. यात एक जोडी आहे जी बहुतेकांच्या नजरेतून निसटते. दोन्ही भागांत एकेकदा ब्राइड एका बंद जागेत हलताही येत नाही अशी पडलेली असते, आणि नेमकं तिथेच चित्रपट मागे भूतकाळात जातो. पहिल्या भागात ती इस्पितळातून निसटून चोरलेल्या ट्रकच्या मागच्या सीटवर पडली आहे, पाय लुळे, आणि ती पायाच्या अंगठ्याला हलायला सांगतेय. या वेळात आपल्याला यादीतल्या ओ-रेन इशीचा पूर्वेतिहास दिसतो, तोही थेट अॅनिमेशनमध्ये, जपानच्या प्रॉडक्शन आय. जी. या स्टुडिओने केलेला. दुसऱ्या भागात ती शवपेटीत आहे, वर माती, हात बांधलेले. या वेळात आपल्याला पाय मेई या त्या चिनी गुरूकडचं तिचं शिक्षण दिसतं, जुन्या हाँगकाँग कुंगफूपटांच्या थाटात, झपकन चेहऱ्यावर जाणारे झूम, विटलेल्या प्रिंटसारखे रंग.

म्हणजे साचा तोच: अडकलेलं शरीर, मग मागची गोष्ट, मग सुटका. पण पहिल्या भागात मागची गोष्ट शत्रूची आहे आणि दुसऱ्यात तिची स्वतःची. पहिल्या भागातलं प्रकरण तुम्हाला पुढच्या लढाईसाठी तापवतं. ओ-रेनचे आईबाप डोळ्यांदेखत मारले गेले, तिने लहान वयातच सूड उगवला, आता ती टोकियोच्या गुन्हेगारी जगाची राणी आहे. सूड घ्यायला निघालेली बाई ज्या बाईवर सूड घ्यायला निघाली आहे, तीच सुडातून घडलेली. मोठी कल्पना आहे, पण चित्रपट तिथे थांबत नाही, तो वेगाने तलवारीकडे जातो. दुसऱ्या भागातलं प्रकरण मात्र हत्यारच हातात देतं. पाय मेईने तिला बोटभर अंतरावरून लाकूड फोडायला शिकवलं, बोटं सोलून निघाली, रात्री भाताचा घास काड्यांनी उचलता येईना इतका हात गेला होता. ते बघून झाल्यावर पेटीत परत येतो तेव्हा ती मुठीने झाकण ठोकायला लागते आणि आपल्याला काही समजावून सांगावं लागत नाही. संकलनाच्या दृष्टीने मला हा जोड पूर्ण चित्रपटातला सर्वांत पक्का वाटतो. फ्लॅशबॅक बहुधा माहिती पुरवायला येतो. इथे तो ऐन गरजेला कामाला येतो.

पाय मेईबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण त्यात गंमत आहे. ती भूमिका गॉर्डन लियूने केली आहे, आणि पहिल्या भागात ओ-रेनच्या टोळीतला मुखवटेधारी जॉनी मो तोच. शॉ ब्रदर्सच्या कुंगफूपटांचा हा नायक, 1978 च्या ‘द 36थ चेंबर ऑफ शाओलिन’मध्ये खडतर शिक्षण घेणारा तरुण शिष्य. इथे तोच शिष्य छळणारा पांढऱ्या भुवयांचा गुरू झालाय. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांना त्या प्रकरणात दुप्पट मजा येते, नसेल ठाऊक तरी काही अडत नाही. क्लबमध्ये ओळख करून देताना हे दोन वाक्यांत सांगा, मुलं जागी होतील.

दुसरा मोठा फरक जागेचा. पहिला भाग जसजसा पुढे जातो तसतशी जागा वाढत जाते: यादीतल्या व्हर्निटाची बैठकीची खोली, इस्पितळ, सुशीचं दुकान आणि मग ‘हाउस ऑफ ब्लू लीव्ह्ज’ हे रेस्टॉरंट, दोन मजली, मधे नाचायची फरशी, वर सज्जे, मागे बर्फाने भरलेली बाग. हा सेट बीजिंगमध्ये उभारला होता. मारामारी सुरू व्हायच्या आधी एक लांबच लांब न तुटणारा शॉट आहे. गाणाऱ्या बायकांपासून निघून कॅमेरा ब्राइडच्या मागे जातो, जिने, स्वयंपाकघराकडची बोळ, स्वच्छतागृह, परत वर. तो शॉट शानसाठी नाही. पुढे डझनावारी माणसं इथे उड्या मारणार आहेत, तेव्हा तुम्हाला कोण कुठे आहे हे कळलं पाहिजे. मारामारीचा गोंधळ होतो तो बहुतेकदा कटिंग वेगवान आहे म्हणून नाही, जागा आधी दाखवलेली नसते म्हणून. एकदा नकाशा डोक्यात बसला की मग कितीही तुकडे करा, प्रेक्षक हरवत नाही.

दुसऱ्या भागात बरोबर उलटं. जागा आक्रसत जाते. वाळवंटातलं चर्च, मग बडचा अरुंद ट्रेलर, मग शवपेटी, पुन्हा ट्रेलर. यादीतल्या एल ड्रायव्हरशी लढाई होते ती त्या ट्रेलरमध्ये. दोघींच्या हाती हान्झोच्या तलवारी येतात, पण त्या बोळकांडीत तलवार म्यानातून नीट उपसायला जागा नाही. पहिल्या भागात ज्या तलवारीभोवती एवढं गूढ उभं केलं, पूजेसारखी ती हातात दिली, ती इथे भिंतीला अडते. मग उरतं काय, तर दिवा, टीव्ही, संडासाचं भांडं आणि बोटं. आणि शेवटची, बिलबरोबरची लढत तर खुर्च्यांवर बसून होते. काही सेकंदांची. त्याची तलवार ती रिकाम्या म्यानात अडकवते आणि पाय मेईने शिकवलेला पाच बोटांचा वार करते. टाळ्या घेणाऱ्या लढाईची अपेक्षा ठेवून बसलेला माणूस इथे हिरमुसणार हे उघड आहे. पण ब्लू लीव्ह्जनंतर तेवढ्याच आकाराची दुसरी लढाई ठेवली असती तर ती पहिलीची नक्कल झाली असती. आकार उतरवत नेणं हा एकच मार्ग होता.

दोन प्रसंग जवळून बघू, म्हणजे मी वेगाबद्दल काय म्हणतोय ते कळेल.

पहिला, बर्फातली बाग. आत रक्ताचा चिखल झालाय, दार सरकतं आणि बाहेर एकदम पांढरं, निळसर. संगीत दणक्यात सुरू होतं, टाळ्यांचा ठेका असलेलं, आणि मग कमी होत जातं. त्यानंतर ऐकत राहा. बागेत बांबूची एक पन्हळ आहे, पाणी भरलं की कलते आणि दगडावर आपटते: टॉक. पुन्हा भरते. टॉक. दोघी उभ्या, श्वासाची वाफ, बर्फावर पावलांची करकर. मधल्या थांबण्याच्या मानाने वार अगदी मोजके आहेत. म्हणजे ज्याला तुम्ही ‘वेगवान भाग’ म्हणता त्याची परमोच्च जागा संथ आहे! तिथे कंटाळा आला नाही, कारण प्रश्न समोर उभा होता: पुढचा वार कोणाचा. मेइको काजीचं जे गाणं शेवटी वाजतं ते 1973 च्या ‘लेडी स्नोब्लड’ या जपानी सूडपटातलं आहे. बर्फ, किमोनो आणि सूड ही सगळी वंशावळ टॅरँटिनो उघडउघड मिरवतो, लपवत नाही.

दुसरा, दुसऱ्या भागातला सँडविचचा. मुलीला भेटून झालंय, रात्रीच्या खाण्याची वेळ आहे. बिल स्वयंपाकघरात उभा राहून मुलीसाठी सँडविच बनवतोय. हातात भलीमोठी सुरी. एकेक करून ब्रेडच्या कडा कापतो, सॉस लावतो, सावकाश, आणि सांगतोय काय, तर मुलीने आपल्या गोल्डफिशवर पाय देऊन त्याला कसं मारलं आणि मरण म्हणजे काय ते तिला कसं कळलं. तो प्रेमाने बोलतोय. पोर ऐकतेय. ब्राइड ऐकतेय. आणि आपली नजर सुरीवरून हलत नाही, कारण या माणसाने काय केलंय ते आपल्याला माहीत आहे. माझ्या टेबलवर हा सीन आला असता आणि कोणी ‘लॅग आहे, कडा कापायचे शॉट उडवा’ म्हटलं असतं, तर मी भांडलो असतो. ते शॉट उडवले तर सुरीचा धाक उरत नाही, आणि गोल्डफिशची गोष्ट नुसती गोष्ट उरते.

म्हणजे दोन्ही भाग थांबतात. पहिला भाग वारापूर्वी थांबतो. दुसरा अशा जागी थांबतो जिथे वार येईल की नाही हेच माहीत नसतं. दुसरं पाहायला जास्त कठीण आहे, आणि मुलीच्या ओढीने घाईत असलेल्या प्रेक्षकाला तर फारच.

अजून एक धागा आहे तो मुलांचा. पहिल्या प्रकरणात व्हर्निटाशी सुरे घेऊन झटापट चालू असताना खिडकीतून शाळेची बस थांबलेली दिसते. पोर घरात येते आणि दोघी बाया सुरे पाठीमागे लपवून हसतात. शेवटच्या प्रकरणात ब्राइड पोरीसमोर पिस्तूल पाठीमागे लपवते. तेच शरीर, तीच हालचाल. पहिल्या वेळी ती पोरीच्या आईला मारून जाते आणि सांगून जाते की मोठी झाल्यावर राग उरला असेल तर मी वाट बघेन. दुसऱ्या वेळी ती स्वतः आई आहे. आणि लक्षात घ्या, यादीत व्हर्निटा दुसरी आहे, ओ-रेन पहिली. तरी चित्रपट व्हर्निटापासून सुरू होतो. त्या प्रकरणाचं नावच नुसतं ‘2’ आहे. यादी दिसते तेव्हा ओ-रेनचं नाव आधीच खोडलेलं असतं. म्हणजे ब्लू लीव्ह्जमध्ये कोण जिंकणार हे अर्धा तास होण्याआधीच सांगून टाकलंय. क्रम असा फिरवला तो मला वाटतं दोन कारणांसाठी: मुलीसमोर लपवलेला सुरा सर्वांत आधी दिसावा, आणि पहिला भाग सर्वांत मोठ्या लढाईवर संपावा.

पहिला भाग दंतकथेसारखा सांगितलाय. नायिकेचं नाव उच्चारलं की त्यावर बीप. बिलचा चेहरा नाही, फक्त हात आणि आवाज. चर्चमध्ये नेमकं काय झालं ते नाही, फक्त नंतरची प्रेतं. दुसऱ्या भागाच्या पहिल्याच प्रकरणात निवेदन ती दंतकथा दुरुस्त करतं: हत्याकांड लग्नात झालं असं सगळे म्हणतात, प्रत्यक्षात ती लग्नाची रंगीत तालीम होती. मग डेव्हिड कॅरडीनचा बिल दिसतो, चर्चबाहेर बसून बासरी वाजवणारा, थकलेला, गोड बोलणारा माणूस. चौघे बंदूकधारी आत शिरतात तेव्हा कॅमेरा मागे मागे सरकत चर्चच्या बाहेर येतो आणि गोळीबार फक्त ऐकू येतो. पहिल्या भागात याच दिग्दर्शकाने रक्ताची कारंजी उडवली होती, आणि ज्या एका हत्येसाठी हा सगळा सूड आहे ती तो दाखवत नाही. पहिला भाग जे जे उधारीवर ठेवतो ते ते दुसरा असं फेडत जातो. त्यामुळे पहिला एकटा बघितला तर पूर्ण आनंद देतो, दुसरा एकटा बघितला तर बराचसा अर्थ हरवतो.

म्हणून तुम्ही आणि तुमचा मित्र यांत मी मित्राच्या बाजूला थोडा झुकतो, पण त्याचं ‘नुसता रक्ताचा सडा’ मला मान्य नाही. तो सडा नसता तर ट्रेलरमध्ये अडकलेल्या तलवारीला काही अर्थच उरला नसता. आणि दुसरा भाग निर्दोष आहे असंही नाही. बिलचं ते सुपरमॅनवरचं भाषण मला दर वेळी लेखकाचं वाटतं, पात्राचं नाही. तिथे मी कात्री लावली असती. मेक्सिकोतल्या एस्तेबानचा प्रसंगही नटाच्या प्रेमात पडून लांबवलाय. तो नट मायकल पार्क्स, पहिल्या भागात टेक्सासचा शेरीफ झालेला तोच. नट अफाट आहे, पण बिलच्या दारात पोचायच्या ऐन आधी एवढा निवांतपणा परवडत नाही. मुलीची ओळ डोक्यात असेल तर नाहीच नाही. तुम्हाला डुलकी लागली ती बहुधा याच सुमारास, आणि त्याचा दोष मी तुमच्यावर टाकणार नाही.

आता क्लबच्या कार्यक्रमाबद्दल. सर्वांत आधी सार्वजनिक प्रदर्शनाच्या परवान्याचं बघा. घरी बघायला घेतलेल्या डिस्कवर किंवा ओटीटीच्या खात्यावर कॉलेजात शो लावता येत नाही. चित्रपट प्रौढांसाठी आहे हेही फलकावर लिहा. अकरावी-बारावीची मुलं येणार असतील तर तिसऱ्या प्रकरणातल्या अॅनिमेशनमुळेच मी नको म्हणेन. चित्र काढलेलं असलं तरी ते सौम्य नाही.

मध्यंतर पाचव्या प्रकरणानंतरच, दुसरीकडे कुठेही नको. आपल्या मल्टिप्लेक्समध्ये इंग्रजी चित्रपट वाटेल तिथे, कधी कधी वाक्याच्या मधे तोडतात, तसं करू नका. जोडलेली आवृत्ती मिळाली तर उत्तम, तिच्यात मध्यंतराची सोय आहेच. वेगवेगळे भागच दाखवायचे असतील तर दुपारी पहिला, संध्याकाळी दुसरा, मधे निदान तासभर मोकळा ठेवा आणि चर्चा तेव्हाच घ्या. चर्चेचा विषय मुलगी नको, चर्च ठेवा: तिथे नक्की काय घडलं असेल, बिल दिसायला कसा असेल, तिचं नाव काय असेल. म्हणजे लोक आत येतील ते दुसऱ्या भागाकडे ज्या प्रश्नांची उत्तरं लवकर मिळतात ते प्रश्न घेऊन. ट्रायल शोच्या अनुभवावरून सांगतो, एवढ्यानेही बराच फरक पडतो. दुसऱ्या भागाला आवाज थोडा चढा ठेवा. पुरण्याच्या प्रसंगात पडदा काळा होतो आणि खिळे, माती, श्वास एवढंच उरतं. प्रोजेक्टर बिघडला समजून कोणी उठून दिवे लावू नये म्हणून दाराशी बसणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

आणि शेवटी श्रेयनामावली पूर्ण चालू द्या. मेलेल्या पात्रांची नावं तिथे यादीसारखी खोडलेली आहेत, फक्त एल ड्रायव्हरपुढे प्रश्नचिन्ह आहे, कारण ती आंधळी होऊन ट्रेलरमध्ये तडफडताना दिसते, मरताना दिसत नाही. सगळं संपल्यावर एक छोटासा तुकडा येतो, पहिल्या भागातल्या लढाईत डोळा उपटण्याचा, शूटिंगच्या वेळचा. उमा थर्मन हसत हसत म्हणते, चला, पुन्हा एकदा करू.